मॅच खिशात आली की हुकमी खेळाडूला बसवायचं का? (अनुभव धागा)

मंडळी, टीव्हीसमोर बसून सगळेच कोच होतात. इथे स्वतः भोगलेलं लिहा. सुरुवात मी करतो, कारण चूक माझी आहे.

हौशी फुटबॉल संघाचा कोच आहे. क्वार्टर फायनलला आम्ही 4-0 पुढे, वीस मिनिटं शिल्लक. बेंचवरची दोन पोरं लाइनवर धावून अंग गरम करत होती. आमचा दहा नंबर मात्र असा रंगात आला होता की त्याला काढणं जिवावर आलं. म्हटलं, अजून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत, मैदानाच्या मधोमध, जिथून कुणालाच धोका नव्हता, त्याने सुटलेल्या बॉलवर पाय घातला. समोरच्यानेही घातला. घोटा वळला. सेमीफायनल त्याने काखेत कुबड्या घेऊन बघितली आणि आम्ही 0-1 हरलो. तुम्ही काय केलं असतंत?

*

मी ज्यांना काढतात त्यांच्यातला. 3-0, दोन गोल माझे, हॅटट्रिकला एक कमी आणि पासष्टाव्या मिनिटाला बोर्डावर माझा नंबर. कोचशी हात न मिळवता बाहेर गेलो, पाण्याची बाटली लाथाडली, ती किट सांभाळणाऱ्या काकांच्या नडगीला लागली. त्याची लाज अजून वाटते. पुढच्या मॅचला डोक्यात तोच राग, समोर एकटा गोलकीपर असताना बॉल बारवरून घालवला.

नंतरचे कोच बूट बांधतानाच सांगायचे, "तीनने पुढे गेलो तर साठाव्या मिनिटाला तू बाहेर." काढायचे तेही, पण डोकं तापलं नाही.

*

वरच्या दादांच्या जागी आत जातो तो मी. 😀 तासभर बसून पाय लाकडासारखे झालेले असतात. पहिल्यांदा उतरलो तेव्हा घाईत बिब (राखीव खेळाडू जर्सीवर घालतात ते जाकीट) डोक्यात अडकलं, पहिला पास थेट लाइनबाहेर. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही: 4-0 असताना राखीव खेळाडूला कुणी पासच देत नाही, प्रत्येकाला स्वतःचा गोल हवा असतो! तरी अशा चार मॅचची पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली म्हणून पुढे खऱ्या चुरशीच्या मॅचला उतरलो तेव्हा पाय लटपटले नाहीत.

*

नियम मोडतोय, माफ करा, पण 1970 चा विषय निघायलाच हवा. वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू पहिल्यांदाच चालणार होते. मेक्सिकोत लिऑनला क्वार्टर फायनल, इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध 2-0 पुढे. कोच आल्फ रॅम्सी यांनी बॉबी चार्लटनला बाहेर काढलं. वय 32, ऊन कडक, सेमीफायनलसाठी पाय ताजे ठेवायचे होते. जर्मनीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत 3-2 ने जिंकली. चार्लटनची ती शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच. तोंडचा घास गेला.

*

दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. जर्मनीच्या बेकनबाउअरचा पहिला गोल चार्लटन मैदानात असतानाच झाला होता. म्हणजे त्याला काढलं तेव्हा 2-1 होतं, आणि 2-1 ला मॅच जिंकली असं कोण म्हणतं?

उलट 2014 ची सेमीफायनल घ्या. ब्राझीलविरुद्ध जर्मनी हाफटाइमलाच 5-0. हुमेल्सला तिथेच बसवलं, 58व्या मिनिटाला क्लोजेला, मग खेदिराला. क्लोजेच्या जागी आलेल्या शुर्लेने दोन गोल मारले. गंमत म्हणजे जपून ठेवलेला खेदिरा फायनलच्या वॉर्म-अपमध्ये दुखावला. त्याच्याऐवजी क्रामर आला, त्याच्या डोक्याला मार बसला, मग पुन्हा शुर्ले, आणि ग्योट्झेच्या 113व्या मिनिटाच्या गोलला क्रॉस त्याचाच. जपलं एकाला, कामी आला दुसरा.

*

लीग खेळणाऱ्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. 2011-12 च्या प्रीमियर लीगला मँचेस्टरचे दोन्ही संघ, सिटी आणि युनायटेड, 89 गुणांवर, आणि सिटी गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल) चॅम्पियन. आम्हीही एकदा 5-0 ला तिघांना बसवलं, शेवटी 5-2 झालं, आणि सीझनअखेर एका गोलफरकाने खाली घसरलो. तेव्हापासून आधी तक्ता बघतो.

*

रेफरी म्हणून सांगतो. एकतर्फी मॅचची शेवटची पंधरा मिनिटं मला सर्वांत नकोशी वाटतात. हरणाऱ्यांचा राग बॉलवर निघत नाही, जो त्यांना नाचवतोय त्याच्या घोट्यावर निघतो. एकाने 6-0 असताना बचावपटूच्या पायांमधून दोनदा बॉल काढला. तिसऱ्यांदा मी शिट्टी तोंडात धरूनच पळालो, तरी पोचायला उशीर झाला. तुमच्या स्टारला आधीच पिवळं कार्ड असेल तर विचार कसला करता? काढा.

*

फिजिओ आहे. एक गैरसमज आहे: वीस मिनिटं आधी बसवल्याने पाय ताजे होत नाहीत. त्याने साठ-सत्तर मिनिटं खेळून घेतलीच आहेत. टळतो तो शेवटचा थकलेला टप्पा, जिथे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जास्त ओढली जाते. आणि एक बदल हातात ठेवा हो! आमच्या एका कोचनी 4-0 ला पाचही बदल वापरून टाकले, पुढच्या मिनिटाला लेफ्ट बॅक लंगडत बाहेर, उरलेला वेळ दहा जण. बाहेर आलेल्याला परत घेता येतं अशा स्थानिक स्पर्धा असतील तर गोष्ट वेगळी.

*

धागाकर्ता पुन्हा. सगळे प्रतिसाद वाचून काल दहा नंबरला फोन केला. घोटा बरा आहे, सराव सुरू झालाय. विचारलं, त्या दिवशी सत्तराव्या मिनिटाला तुला काढलं असतं तर?

म्हणाला, "सर, महिनाभर बोललो नसतो तुमच्याशी."