मदत हवी आहे: आठवीतल्या मुलांना वाचता येत नाही

खडूफळा
आठवीचा वर्ग. ३४ पैकी ११ जणांना वाचता येत नाही. बाराखडी झाली, चौदाखडी झाली, शब्दपट्ट्या झाल्या. पहिलीचं पुस्तक पुढे केलं की तोंड फिरवतात. फळ्यावरचं मात्र सुरेख उतरवून घेतात. घटक चाचणी तोंडावर आली आहे. "गोडी लावा", "पालकांना भेटा" असले सल्ले कृपया नकोत. नेमकं काय करायचं ते सांगा.

अनुस्वार
"वाचता येत नाही" म्हणजे काय अडतं? अक्षर ओळखत नाहीत, की अक्षर येतं पण शब्द जुळत नाही, की शब्द जुळतो पण ओळ संपेस्तोवर सुरुवात विसरतात? तिन्हींचे उपाय वेगळे. रोज किती वेळ मिळतो? आणि मुलं घरी काय बोलतात?

निवृत्त_मास्तर
कारण एकच, ढकलपास. पहिलीत जे यायला हवं ते न येता पोरगं आठवीत बसतंच कसं? आधी चौथीला नापास करायची सोय होती.

खडूफळा
अक्षरं येतात हो. बाराखडी घडाघडा म्हणतात. शब्द येत नाही.

पाटीपेन्सिल
घडाघडा म्हणणं वेगळं, ओळखणं वेगळं. को, की, का, कु, के असं उलटसुलट लिहा आणि मधल्याच एकावर बोट ठेवा. ओठ हलवत "क का कि की कु" मोजत मुलगा तिथवर आला, तर त्याला पाठांतर आलंय, मात्रा आलेली नाही. उतरवून घेण्यावरही जाऊ नका, ती चित्रकला आहे.

एकेकाला बाजूला घ्या, वर्गासमोर अजिबात नको. पाच मिनिटं पुरतात: १० सुटी अक्षरं, १० काना-वेलांटीचे दोन अक्षरी शब्द, ५ अर्थ नसलेले शब्द (लामी, नीसा, रीका असे काहीही) आणि पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद. अर्थ नसलेले शब्द गाळू नका. 'कमळ', 'बदक' चित्रासकट पाठ असतात. 'लामी' पाठ असूच शकत नाही.

जर्सीची_जाई
छान धागा! माझी भाची इथल्या रविवारच्या मराठी शाळेत जाते, सहा वर्षांची आहे. देवनागरी गिरवायला चांगलं ॲप कुणी सुचवेल का?

अनुस्वार
जाई, वेगळा धागा काढा ना.

खडूफळा, पाटीपेन्सिल म्हणतात तशी चाचणी घ्या. बहुतेक सगळे मात्रांवर आणि जोडणीवर अडकलेले निघतील. मग अ-आ-इ पासून नको. पहिला गट म, न, ल, र, स आणि फक्त काना व दुसरी वेलांटी. ही अक्षरंच का, तर त्यांचा आवाज लांबवता येतो. 'मममाााा' म्हणत पुढच्या अक्षरावर घसरता येतं, 'क' वर तसं थांबता येत नाही. सुटं वाचणारा मुलगा 'लाल'ला 'ला' आणि 'लऽ' असं म्हणतो आणि त्यातून शब्द ऐकूच येत नाही. शेवटचा अ गिळायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही बोट सरकवत अखंड म्हणा, मग त्याच्याकडून म्हणवून घ्या.

एवढ्यात मासा, मान, लाल, रान, साल, मामा, सासरा होतात. नंतर क, प, ब, त, ग आणि े, ो. मग च, ज, द, ह, व आणि ु, ू. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा: ती आधी दिसते आणि नंतर बोलायची असते, म्हणून 'दिवा'वर मुलं थबकतात. रफार सगळ्यात शेवटी, तिथे उलटा घोळ: 'धर्म'मध्ये तो म वर बसतो पण बोलायचा म च्या आधी.

घ-ध, भ-म, थ-य, ष-प, ब-व या जोड्यांतली दोन्ही अक्षरं एका आठवड्यात आणू नका. ख चे दोन भाग लांब पडले की 'रव' वाचतात, म्हणून तुमच्या अक्षरात तो घट्ट काढा.

पाटीपेन्सिल
मात्रांसाठी पारदर्शक फाइल कव्हर कापा, बोटभर रुंद तुकडे. एकावर मार्करनं नुसता काना, दुसऱ्यावर वेलांटी. क च्या कार्डावर काना ठेवला की 'का', तोच उचलून म वर ठेवला की 'मा'. मात्रा ही सुटी वस्तू आहे, कुठल्याही अक्षराला लागते, हे हातानं कळतं. बाराखडी सलग म्हणण्यात नेमकं हेच लपतं.

मनोमनी
११ मुलं म्हणजे डिस्लेक्सिया असणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र काढा, सवलती मिळतील.

अनुस्वार
एका वर्गात ११? ही शिकवण्यातली तूट आहे. गटात आठ-दहा आठवडे नियमित शिकवूनही जो जागचा हलत नाही, त्याला तपासणीला पाठवा. त्याआधी डोळे आणि कान बघा. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ही ११ नावं आधीच द्या. शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारा एखादा हमखास निघतो.

घरची भाषा अजून सांगितली नाहीत.

खडूफळा
घरी कोरकू बोलतात. आश्रमशाळा आहे, मेळघाटात. त्यानं काय फरक पडतो? वर्गात मराठी समजतात.

अनुस्वार
सगळा फरक तिथेच पडतो. कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी नातंच नाही. मराठी घरातला मुलगा 'स-का-ळ' असं चाचपडत वाचतो आणि "अरे, सकाळ!" म्हणून स्वतःच दुरुस्त करतो. तुमच्या मुलाला शब्दच ओळखीचा नसला तर बरोबर वाचूनही बरोबर आलं हे त्याला कळत नाही. म्हणून वाचायच्या आधी त्या मजकुरातले आठ-दहा शब्द तोंडी घ्या, वस्तू दाखवून, कृती करून.

बाजारात हिंदी कानावर पडत असेल तर आणखी एक. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च मराठीत वेगळे, हिंदीत तसं नाही. ळ तर नाहीच. 'चाक' हिंदी वळणानं वाचलं तर ती वाचनाची चूक धरू नका.

पाटीपेन्सिल
मुलानं सांगायचं, तुम्ही लिहायचं. चार वाक्यं, त्याच्याच शब्दांत, कोरकूत असली तरी देवनागरीत जशीच्या तशी. त्यानं बोट ठेवून वाचायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावायचा, मग शब्द सुटे. पहिलीचं पुस्तक लागत नाही आणि मिशा फुटायला आलेल्या पोराला ससा-कासवाची लाजही वाटत नाही.

निवृत्त_मास्तर
परीक्षा मराठीत आहे. कोरकू वाचून काय दिवे लावणार?

पाटीपेन्सिल
मास्तर, लिपी एकच आहे. आवाज जोडायची युक्ती एकदा ओळखीच्या शब्दांवर बसली की मराठीलाही तीच चालते. कायम कोरकूतच ठेवा असं कोण म्हणतंय?

निवृत्त_मास्तर
बरं. पण शुद्धलेखन रोज एक पान हवंच.

अनुस्वार
उतारे उतरवणं बंद करा, तेच तर त्यांना येतं. त्याऐवजी शिकलेल्या गटातले पाच शब्द ऐकून लिहायला लावा.

निवासी शाळा म्हणजे संध्याकाळची अभ्यासिका असेल. रोज ४५ मिनिटं: १० जुनी कार्डं, १० नवीन अक्षर किंवा मात्रा, १० जोडणी, उरलेली १५ सलग मजकूर. ११ जणांचे दोन गट करा आणि त्यांना 'अप्रगत' वगैरे नाव देऊ नका. मदतीला वाचणारा मुलगा हवा असेल तर नववीतला घ्या, त्यांच्याच वर्गातला नको.

खडूफळा
अभ्यासिका आहे, साडेसात ते साडेआठ. वाचायला काय देऊ? चार वाक्यांवर किती दिवस काढणार?

पाटीपेन्सिल
एसटीच्या पाट्या. धारणी, सेमाडोह, परतवाडा, अमरावती: एकाही नावात जोडाक्षर नाही आणि सगळी तोंडावरची. पहिली वेलांटी झाली की हरिसाल, चिखलदरा. मग आठवडी बाजाराचे भाव, मोबाईल रिचार्जचे दर. खताच्या पोत्यावरच्या सूचना सध्या नकोत, ओळीओळीला जोडाक्षरं. परिच्छेद वाचू लागले की ६०-७० शब्दांचा एकच उतारा तीन-चारदा, घड्याळ लावून. निपुण भारतमध्ये (पायाभूत वाचन-गणिताची केंद्राची मोहीम) तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द धरले आहेत. तिथवर आले की ओळीचा अर्थ डोक्यात राहायला लागतो.

मनोमनी
आणि चाचणीचं काय? मूळ प्रश्न तोच होता.

अनुस्वार
या चाचणीपर्यंत मराठीचा पेपर सुटणार नाही. गणित-विज्ञानाचे प्रश्न तेवढे मोठ्यानं वाचून दाखवा, मुख्याध्यापकांना आधी सांगून. गणित येत असून प्रश्न वाचता न आल्यानं भोपळा मिळायला नको.

दिवाळी आणि होळीच्या सुट्ट्या आधीच धरून ठेवा. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा नवीन अक्षरगट नाही, फक्त जुनी कार्डं. होळीनंतर परत यायला उशीर करणारे बरेच असतील, त्यांच्यासाठी कार्डांचा जादा संच लागेल.

खडूफळा
उद्यापासून एकेकाची चाचणी घेतो. पाटीपेन्सिल, कार्ड केवढं हवं? आणि कोरकूतले जे आवाज देवनागरीत बसत नाहीत ते कसे लिहू?

पाटीपेन्सिल
पोस्टकार्डाएवढं, अक्षर तळहाताच्या निम्मं. आवाज जवळच्या अक्षरानं लिहा, पण एका आवाजाला दरवेळी तेच अक्षर. कुठलं ते मुलांनाच विचारून ठरवा.