‘मिडनाइट रनर्स’ पाहिला, त्या पोरांनी केलं ते बरोबर का?

तापीकाठचा (चोपडा)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. अमळनेरला चौघं मिळून खोली घेतली आहे. रविवारी ग्राउंडला सुट्टी असते, म्हणून मोबाईल तांब्याला टेकवून चौघांनी ‘मिडनाइट रनर्स’ पाहिला. २०१७ चा कोरियन सिनेमा, पार्क सो-जून आणि कांग हा-नूल आहेत. दोघं पोलीस विद्यापीठातले विद्यार्थी, वर्दीवर अजून नाव लागलेलं नाही.

सुरुवातीलाच डोंगरावरच्या दौडीत एकाचा पाय मुरगळतो. बाकीची पोरं बाजूनं पळत निघून जातात. एकच थांबतो, तोही मांसाच्या जेवणाच्या बोलीवर, आणि त्याला पाठीवर घेऊन चालू लागतो. हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. मागच्या थंडीत १६०० मीटरच्या सरावात तिसऱ्या फेरीला माझ्या पोटरीत गोळा आला होता. ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं तर २० पैकी २० गुण, त्यामुळे तिथं कोणी कोणासाठी थांबत नाही. रूममेट थांबला. म्हणाला, “बठ पाठवर, मी लई जास तुले.” त्या दिवशी त्याची वेळ वाया गेली. अजून एकदाही त्यानं ते बोलून दाखवलेलं नाही.

पुढे सिनेमात दोघांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरून एका मुलीला गाडीत ओढून नेतात. चौकीत जावं तर तिथले सगळे दुसऱ्या प्रकरणामागे. वर्गात शिकवलेलं असतं की अशा वेळी पहिले सात तास मोलाचे. मग दोघं स्वतःच शोधायला निघतात. शेवटी शिस्तभंगाची चौकशी होऊन त्यांना एक वर्ष मागे ठेवतात.

त्यावरून आमच्यात रात्री एकपर्यंत वाद. दोघांचं म्हणणं, शिक्षा चुकीची. माझं मन मात्र दोन्हीकडे ओढतं. खात्यातल्या कोणी सांगाल का, उद्या आम्ही ट्रेनिंगमध्ये असताना असं दिसलं तर काय करायचं?

धुळ्याची ताई

भाऊ, मी खात्यात नऊ वर्षं आहे. तुझा प्रश्न मनापासून आवडला.

आधी ११२. फोन कानाला लावूनच गाडीचा नंबर, रंग, कुठल्या दिशेला वळली, ते बघायचं. मग ठाणं. हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि अपहरणासारखा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा तुझ्यासमोर घडत असेल तर साध्या नागरिकालाही पकडायचा अधिकार आहे, कलम ४०. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

पहिल्या रात्री पोरं धावली ते मला शंभर टक्के पटलं. नंतर स्वतः तयारी करून, सामान घेऊन त्या टोळीवर परत चालून गेली, ते नाही. आत किती माणसं आहेत माहीत नसताना गेलं की तिथं कोंडलेल्या मुलींचाच जीव आधी धोक्यात येतो. शिक्षा मला योग्य वाटली. काढून टाकलं नाही, वर्षभर थांबवलं, तेही योग्य.

याच कथेवर २०२२ मध्ये तेलुगूत ‘साकिनी डाकिनी’ आला, त्यात दोघी मुली आहेत. माझ्या पुतणीला तोच दाखवला. ती ८०० मीटरची तयारी करतेय.

सातपुड्याचा (नंदुरबार)

सिनेमा मीही पाहिला. मारामारी, दोस्ती, सगळं झकास. पण एक जागा टोचली ती सांगतो.

पोरं सोलच्या देरिम भागात पोहोचतात, तेव्हा टॅक्सीवाला सांगतो की इथं सगळे चीनमधून आलेले कोरियन राहतात, रात्री फिरू नका. पुढे गुन्हेगारही तेच निघतात. तिथल्या रहिवाशांना हे इतकं लागलं की ते कोर्टात गेले. आधी हरले, अपिलात २०२० मध्ये कोर्टानं निर्मात्यांना माफी मागण्याची शिफारस केली आणि त्यांनी ती मागितली.

मी पारधी आहे. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. पण माझ्या लहानपणी कुणाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली की पहिली गाडी आमच्या वस्तीवर यायची. माझा बाप रात्री चप्पल उशाशी ठेवून झोपायचा. भरती व्हाल, वर्दी मिळेल, तेव्हा त्या टॅक्सीवाल्याचं बोलणं डोक्यात घेऊन वस्तीत येऊ नका, एवढीच विनंती.

तापीकाठचा (चोपडा)

दादा, हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आत्ता खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. चप्पल उशाशी घेण्यापर्यंत आलो आणि पुढे वाचवेना. आज रात्री तेवढा भाग पुन्हा लावतोय.

ताई, एक अजून. ११२ ला फोन लावला आणि आपण कुठं आहोत तेच सांगता येईना, अनोळखी रस्ता असला, तर?

धुळ्याची ताई

जवळच्या दुकानाची पाटी वाच. हायवेवर असशील तर किलोमीटरचा दगड. काहीच नसेल तर मागं कुठलं गाव, कुठला पूल गेला ते सांग, आणि फोन ठेवू नकोस.