बिलियर्ड्स, स्नूकर, पूल, कॅरम : आशियाई स्पर्धेच्या बातमीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न : २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत पंकज अडवाणीने भारताला त्या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याविषयी लिहिताना कोणी ‘बिलियर्ड्स’ म्हणतो, कोणी ‘स्नूकर’. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? ‘पूल’ आणि ‘कॅरम’ यांचे काय?

उत्तर : चालत नाहीत. घोटाळा होतो तो ‘बिलियर्ड्स’ या शब्दामुळे, कारण तो ढोबळपणे क्यूने, म्हणजे लांब काठीने, खेळल्या जाणाऱ्या सगळ्याच खेळांना लावला जातो आणि नेमकेपणाने फक्त तीन चेंडूंच्या इंग्लिश बिलियर्ड्सला. अडवाणीचे सुवर्ण या दुसऱ्या अर्थाच्या बिलियर्ड्समधले, एकेरीचे. २००६ मध्ये दोहा येथेही त्याने तेच जिंकले होते आणि १९९८ मध्ये बँकॉकला, म्हणजे हा क्रीडाप्रकार आशियाई स्पर्धेत प्रथम आला तेव्हा, अशोक शांडिल्य यांनी ते मिळवले होते. याउलट मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथील जागतिक खेळांत (वर्ल्ड गेम्स) जिंकलेले सुवर्ण स्नूकरचे आहे. या दोघांनाही सरसकट ‘बिलियर्ड्सपटू’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

टेबल दोन्ही खेळांना एकच, सहा पॉकेटांचे. पण स्नूकरमध्ये पांढऱ्यासह २२ चेंडू असतात आणि लाल चेंडू व रंगीत चेंडू आळीपाळीने पॉट करावे, म्हणजे पॉकेटात घालवावे लागतात. बिलियर्ड्समध्ये चेंडू पॉट न करताही गुण मिळतात : आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला की ‘कॅनन’, त्याचे दोन गुण. ‘ब्रेक’ या शब्दाकडेही लक्ष असावे. स्नूकरमध्ये ‘१४७ चा ब्रेक’ म्हणजे एकाच पाळीत सलग केलेले गुण, आणि तिथे ‘खेळी’ हा क्रिकेटमधला शब्द चपखल बसतो. पूल या क्यूच्याच खेळात मात्र रचलेले चेंडू फोडणारा पहिला फटका म्हणजे ब्रेक, त्याला ‘खेळी’ म्हटले तर अर्थच बदलेल.

खरी फसगत ‘कॅरम’ची आहे. ग्वांगझूच्या कार्यक्रमपत्रिकेतील ‘थ्री-कुशन’ हा प्रकार कॅरम बिलियर्ड्सचा. ‘कॅरममध्ये पदक’ असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सोंगट्या, स्ट्रायकर आणि राणीच येणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. गंमत अशी की आपल्या कॅरमबोर्डाला चार पॉकेटे असतात, तर कॅरम बिलियर्ड्सच्या टेबलाला एकही नसते. तिथे आपला चेंडू किमान तीन वेळा कडेच्या गादीला लागून मगच तिसऱ्या चेंडूला भिडला पाहिजे. म्हणून पूर्ण नाव लिहावे, किंवा थेट ‘थ्री-कुशन’.

पुरवणी प्रश्न : ‘पूल’चे सामान्यरूप कसे करावे? ‘पुलाच्या स्पर्धेत’ हे कानाला खटकते.

उत्तर : खटकायलाच हवे. नदीवरचा पूल मराठीत पूर्ण मुरलेला असल्याने त्याचे ‘पुलाचा, पुलावर’ होते. खेळाचे नाव अजून परके आहे. ‘स्कूलचा’ लिहितो तसे ‘पूलचा, पूलमध्ये’ लिहावे. शिवाय साखळी सामन्यांच्या ‘पूल अ’साठी ‘अ गट’ हा चांगला शब्द असताना, निदान या खेळाच्या बातमीत तरी तोच वापरावा; नाही तर ‘पूलच्या पूल अमध्ये’ असे काही तरी छापून येईल. ‘नाइन-बॉल’, ‘एट-बॉल’ ही पूलच्या प्रकारांची नावे मात्र आहेत तशीच ठेवावीत, ‘नऊ चेंडू’ असे म्हटल्याने खेळ कोणता ते कळत नाही.