आयफोनचे फोटो आणि कमांड लाइनची 'शायनिंग'

रात्रपाळी: काल इथेच एकाने लिहिलं, "एचईआयसीचं जेपीजी करायला कमांड लाइन म्हणजे निव्वळ शायनिंग, वेबसाइटवर टाका." (एचईआयसी म्हणजे आयफोन ज्या फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो तो; कमांड लाइन म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाइप करणं.) दोन फोटोंना ठीक आहे हो. अख्खं लग्न, घरातल्या पोरीबाळींसकट, कुणाच्या सर्व्हरवर चढवायचं? इमेजमॅजिक हा फोटो बदलायचा प्रोग्राम टाका, फोल्डरमध्ये जाऊन त्याची कमांड मारा: 'मॉग्रिफाय -फॉरमॅट जेपीजी *.एचईआयसी'. मूळ फाइली जागच्या जागी. मॅकवर तर हेच काम करणारं 'सिप्स' आयतंच असतं.

काळी_खिडकी_नको: तो 'एक' मीच. मूळ फाइली जागच्या जागी? आमच्या चुलतभावाने मॉग्रिफायला नुसतं '-रिसाइझ ८००' मारलं. साखरपुड्याचे सगळे फोटो बारके, मूळ गायब. विचारलंसुद्धा नाही!

रात्रपाळी: फॉरमॅट तोच ठेवला तर मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं. मॅन्युअलमध्ये सुरुवातीलाच आहे. '-पाथ' देऊन वेगळं फोल्डर दाखवायचं असतं. भाऊ वाचत नाही, त्याला प्रोग्राम काय करणार?

काळी_खिडकी_नको: भावावर जायचं काम नाही.

पीएनजीवाला: विंडोजवाल्यांनो, जुने लेख बघून इमेजमॅजिकसाठी 'कन्व्हर्ट' टाइप करू नका. ती विंडोजची स्वतःची कमांड, डिस्कची फाइल-मांडणी 'फॅट'वरून 'एनटीएफएस' करणारी. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून 'मॅजिक' लिहा.

फॉर्मग्रस्त: फॉरमॅटचं सोडा, केबीचं बोला. भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०. ५१ झाला की बाद! शेवटच्या तारखेला कॅफेवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो.

काळी_खिडकी_नको: +१. बहिणीचा फोटो इतका दाबला की आईनेही ओळखला नसता.

रात्रपाळी: '-डिफाइन जेपीईजी:एक्स्टेंट=५०केबी', फोटो ५० केबीच्या आत बसवतं. झालं.

फॉर्मग्रस्त: काय झालं? सहीचं बोलतोय मी! पांढऱ्या कागदावर दोन रेघा, त्या ६ केबीत बसतात. आधी मोठी म्हणून नापास, मग लहान म्हणून. खालची मर्यादा कुणाच्या डोक्यातून निघाली?

पीएनजीवाला: त्यात सही पारदर्शक पीएनजी असेल तर जेपीजीत मागची बाजू बऱ्याचदा काळी होते. काळ्यावर काळी सही. '-बॅकग्राउंड व्हाइट -अल्फा रिमूव्ह' घाला.

रात्रपाळी: धागा एचईआयसीचा होता, मंडळी.

फॉर्मग्रस्त: तुमचं लग्न थांबेल, आमची तारीख नाही थांबत.

काळी_खिडकी_नको: बरं, टाकलं तुमचं इमेजमॅजिक, एकदाचं समाधान होऊ दे. 'नो डिकोड डेलिगेट' म्हणतंय. हीच का शायनिंग?

रात्रपाळी: पॅकेज लिबहाइफशिवाय, म्हणजे एचईआयसी वाचणाऱ्या भागाशिवाय, बांधलेलं दिसतंय. लिनक्स कुठलं?

पीएनजीवाला: त्यापेक्षा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, पुढचे फोटो थेट जेपीजीत निघतील. २०१७ पासून आहे ते.

काळी_खिडकी_नको: हे पहिल्या उत्तरात सांगायला काय झालं होतं? आणि लग्न होऊन गेलंय. उबुंटू आहे, बोला.