आवाहन नेमकं असेल तर लोक ऐकतात

'विजेची टंचाई असताना वीज वाचवायची आवाहनं करून काही होत नाही, सरळ भारनियमन करा' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. ६ सप्टेंबर २०२२ला उष्णतेच्या लाटेत कॅलिफोर्नियात विजेची मागणी ५२ हजार मेगावॉटवर गेली होती. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास लोकांच्या मोबाइलवर तातडीचा संदेश गेला: गरज नसलेली वीज आत्ता बंद करा. तासाभरातच मागणी दोनेक हजार मेगावॉटने उतरली आणि भारनियमन टळलं. माझ्या मते किमया त्या 'आत्ता'ची. 'वीज वाचवा, देश वाचवा' छाप फलक वाचून कोण उठून बटण बंद करतं? (मी तरी नाही.) किती ते किती वाजेपर्यंत, काय बंद ठेवायचं, एवढंच सांगा. अर्थात असा संदेश रोज धाडलात, तर चौथ्या दिवशी लोक न वाचताच पुसून टाकतील.