मदत हवी आहे : अण्णांना जवळ कसं घ्यावं?

आई जाऊन आठ महिने झाले. अण्णा ७४ वर्षांचे, तब्येत ठणठणीत, पण अगदी गप्प झालेत. परवा त्यांची नखं कापून दिली. काम संपलं तरी त्यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला नाही. तेव्हा चर्रकन जाणवलं, आई गेल्यापासून यांना कुणी हातच लावलेला नाही.

आमच्या घरी मिठी मारायची पद्धत नाही. सणावाराला वाकून नमस्कार, तेवढाच स्पर्श. पण हेच अण्णा वारीत अनोळखी माणसाच्याही 'माउली' म्हणत पाया पडतात, उराउरी भेटतात. तिथे वय, जात काही आड येत नाही. घरात मात्र अंग चोरतात.

आपल्या त्वचेतले काही मज्जातंतू सावकाश, हलक्या स्पर्शालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात, साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर. आई पाठीवरून हात फिरवायची, तसाच.

रात्री काशाच्या वाटीने त्यांच्या तळपायांना तूप चोळावं असं मनात आहे. पण लेकीकडून पाय चोळून घ्यायला ते नक्की संकोचतील. तुमच्यापैकी कुणी असं सुरू केलंय का? पहिल्या दिवशी काय म्हणून विषय काढलात?