भाकरी, अंडं, चान्या: तुमच्या घरात काय शिजायचं हे कोण ठरवतं?

गेल्या आठवड्यात आमच्याकडे भाकरीवरून वाद झाला, म्हणून हा धागा. मुलगी सतरा वर्षांची. रील्स बघून तिने जाहीर केलं की आजपासून गहू बंद, ज्वारी सुरू. गिरणीत ज्वारीचा भाव गव्हापेक्षा जास्त निघाला, तरी दळून आणली, भाकऱ्या थापल्या. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं आणि डब्यातली सकाळची पोळी काढून घेतली.

त्यांचं माहेर बार्शीकडचं. 1972 च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या, कामावर खायला सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची मिलो, म्हणजे लाल ज्वारी. "ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. माझं लग्न ठरवताना आबांनी एकच विचारलं, घरी गहू पिकतो का," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी समजत होते, त्यांना भाकरी पचत नाही.

तुमच्या ताटातलं काय रीतीभातीने ठरवलं, काय खिशाने, काय मोबाइलने? सविस्तर लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

मंगळवेढा, शेतकरी

ताई, सासूबाईंना सांगा, मिलो वेगळी आणि आमची मालदांडी ज्वारी वेगळी. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. खोल काळी जमीन, परतीचा पाऊस, आणि पुढे नुसत्या ओलीवर येणारं पीक. तरी माझ्या बारा एकरांत आज ज्वारी तीनच एकर आहे.

कारण काढणी. रब्बी ज्वारी आमच्याकडे मुळासकट उपटतात. फेब्रुवारीच्या उन्हात दिवसभर वाकून. हाताला चिंध्या गुंडाळल्या तरी तळव्यांची सालं निघतात. त्या कामाला आता माणूस मिळत नाही, आणि मी कुणाला दोषही देत नाही. गव्हाच्या रानात हार्वेस्टर घातला की काम संपलं. त्यात रेशनवर गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, 2023 पासून तर फुकट. मग मजुराने ज्वारी विकत आणून का खावी? माझ्या गड्याच्या घरी चपाती आणि माझ्या घरी भाकरी, असं उलटं झालंय. त्याच 2023 साली जगभर भरडधान्य वर्ष साजरं झालं. आमच्याकडे ज्वारी टिकलीय ती कडब्यावर. जनावरांसाठी पेरतो, धान्य वर मिळतं.

हुरड्याचं मात्र सांगायलाच हवं. आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून भुसा उडवायचा. पाहुण्याला पोटभर खाऊ घालायचं, पैसे घेणं मनातही यायचं नाही. भाच्याने इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकल्यापासून पुण्याची मंडळी येतात आणि आम्ही माणशी पैसे घेतो. पहिल्या वर्षी फार जड गेलं. वडील तर त्या दिवशी शेतावर आलेच नाहीत. पण त्या पैशांतूनच गेल्या वर्षी गूळभेंडी, म्हणजे हुरड्याची ज्वारी, अर्धा एकर वाढवली.

मूळ लातूर जिल्हा, सध्या ठाणे

लिहू की नको, दोन दिवस विचार केला. आमचं ताट जातीने ठरवलं आणि उरलेलं गरिबीने. मोठ्या जनावराचं मटण तेवढं परवडायचं. आजी त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायची. त्याच चान्या. पावसाळ्यात काम बंद पडलं की दोन चान्या निखाऱ्यावर भाजायच्या, पाट्यावर मिरचीबरोबर ठेचायच्या, त्यावर सगळ्यांची भाकरी व्हायची. शाळेतला मित्र दारात दिसला की आई आधी दोरी आत घ्यायची, मग त्याला या म्हणायची.

2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्या घरात चान्या त्यानंतर झाल्या नाहीत. आता ऑफिसातले सहकारी वजडीचे, म्हणजे जनावराच्या पोट-आतड्यांच्या पदार्थाचे, व्हिडिओ दाखवून विचारतात, तुझ्या घरी करतात का रे? त्यांना मनापासून खायची असते, हे मला कळतं. तरी हो म्हणताना आईची ती दोरी डोळ्यांसमोर येते.

वसई

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे मटण शिजत नाही. सासूबाई वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकायच्या, ते गरजूंचे. हल्ली मटण नसतं, पण मोबाइलवर बघून पनीर होतं, मशरूम होतं, आणि खर्च नेहमीपेक्षा जास्त होतो. डबा माळ्यावर गेला होता. यंदा खाली काढलाय.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

शालेय पोषण आहारात 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, अंडं न खाणाऱ्याला केळं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी माळकरी. वीस वर्षं त्यांनी मुलांना मायेने खाऊ घातलं, पण अंड्याला हात लावणं त्यांना जमेना. रडल्या बिचाऱ्या. शेवटी शेजारच्या एका आईने स्वतःच्या चुलीवर अंडी उकडून आणायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी केळं मागणारी मुलं एकोणीस होती. महिन्याभरात सहा उरली. काहींच्या घरून तक्रार आली, काही आयांनी हळूच येऊन सांगितलं, घरी कळू देऊ नका पण खाऊ द्या.

जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचे पैसे थांबवले, लोकसहभागातून द्या म्हणाले. आमच्या गावात लोकसहभाग तीन आठवडे टिकला. मुलं अजून विचारतात, बाई, अंडं कधी? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि याचा मला फार त्रास होतो.

पुणे, स्पर्धा परीक्षा

फोनवर दिवसभर प्रोटीन, प्रोटीन. पावडरचा डबा माझ्या महिन्याच्या मेसपेक्षा महाग. अंडी स्वस्त, पण घरमालकांची अट आहे, खोलीत चालणार नाहीत. म्हणून मोड आलेली मटकी आणि गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी. माझ्या आहाराचं इतकंच.

म्युनिक

इथे भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण जुनं. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, थापताना भाकरी कडेने चिरते. तरी रविवारी करतो. मुलं तुकडे दुधात कुस्करून खातात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना मंगळवेढ्याच्या दादांचा अनुभव मोठ्याने वाचून दाखवला. तळव्यांच्या सालांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होत्या. झोपायला जाताना विचारलं, कडबा आता काय शेकडा आहे गं? दादा, सांगाल का?